नववा आला तर?

ऑटोस्केलिंग चालू करताना स्क्रीनवर तीन रकाने भरावे लागतात: मिनिमम, डिझायर्ड, मॅक्सिमम. कमीत कमी किती सर्व्हर चालू ठेवायचे, सुरुवातीला किती हवेत, आणि गर्दी झाली तर जास्तीत जास्त किती होऊ द्यायचे. तीन आकडे टाकले की बाकीचं यंत्रणा बघते. लोक वाढले की ती नवे सर्व्हर उभे करते, लोक पांगले की बंद करते. रात्री तीन वाजता कुणालाही झोपेतून उठवावं लागत नाही.

मी पुण्यात बसून पोटासाठी हेच काम करतो. अनुभव असा, की हे तीन आकडे बहुतेक वेळा आधीच्या एखाद्या प्रोजेक्टमधून उचललेले असतात. २, २, १०. दहाच का, हे मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'बजेट' हा एक शब्द पुरतो आणि पुढची स्लाइड येते.

मला मात्र तो तिसरा रकाना गेली दोन वर्षं नीट झोपू देत नाही. (थोडी अतिशयोक्ती आहे. झोप रील्समुळे जाते.) तिथे एक आकडा लिहिताना आपण एका जुन्यापुराण्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो: सगळ्यांना पुरणार नसेल तेव्हा थांबायचं कुणी? रेशनच्या दुकानात, एसटीच्या दारात, सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर हा प्रश्न उघड असतो. कुणाला मागे सारलं, कोण मध्ये घुसलं, सगळ्यांना दिसतं आणि त्यावरून भांडताही येतं. सर्व्हरच्या दारात काहीच दिसत नाही. तिथे नुसतं गोल फिरत राहतं.

आधी यंत्रणेच्या बाजूने बोलू, कारण ती खरोखर देखणी आहे. क्लाउडच्या आधी वेबसाइट चालवायची म्हणजे मशीन विकत घ्यायची. किती? तर वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाला पुरतील एवढी. दिवाळीच्या सेलसाठी घेतलेली मशीन मग आषाढात हवा खात बसायची. अ‍ॅमेझॉनने २००६ साली 'ईसी२' या नावाने तासाच्या भाड्यावर मशीन द्यायला सुरुवात केली. २००९च्या मे महिन्यात त्यावर ऑटोस्केलिंग आणलं. २०१६मध्ये मुंबईत त्यांची मशीन आली आणि २०१७पासून बऱ्याच मशीनचं भाडं सेकंदावर मोजलं जाऊ लागलं. हवं तेवढंच घ्या, वापराल तेवढ्याचेच पैसे द्या. ज्याने कधी स्टार्टअपचं भाडं आणि पगार एकाच खात्यातून दिलेत, त्याला यातलं सुख कळेल.

आतला हिशेब अगदी शाळकरी आहे. कुबरनेटीस नावाची जी यंत्रणा आज बऱ्याच कंपन्या वापरतात, तिचं सूत्र असं: आत्ता अ‍ॅपच्या जितक्या प्रती चालू आहेत त्या आकड्याला मोजलेल्या ताणाने गुणायचं, ठरवलेल्या ताणाने भागायचं, आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा. समजा ४ प्रती चालू आहेत, प्रत्येकीवर सरासरी ९० टक्के ताण आहे आणि आपल्याला तो ६० हवा आहे. ४ गुणिले ९० भागिले ६०, म्हणजे ६. दोन नव्या प्रती उभ्या राहतात. हे गणित दर १५ सेकंदांनी होतं. कमी करताना मात्र ती ५ मिनिटं मागे बघते, त्या काळात सगळ्यात जास्त किती प्रती लागल्या असत्या ते काढते आणि त्याखाली जात नाही. वाढताना घाई, घटताना सबुरी. बंद करायच्या प्रतीलासुद्धा हातातलं काम उरकायला ३० सेकंद मिळतात. नोकरकपातीच्या बातम्या वाचताना मला हे ३० सेकंद आठवतात, पण तो विषय वेगळा.

ताण ६०च का, ९५ का नको? मशीन पूर्ण वापरलं तर पैसे वाचतील ना? इथे एक जुना माणूस मदतीला येतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली फोनच्या गर्दीवर निबंध लिहिला. रांगेचं शास्त्र तिथून सुरू झालं असं मानतात. त्या शास्त्राचा सगळ्यात साधा नमुना घ्या: एक खिडकी, आणि लोक वाटेल तेव्हा येणारे. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर सरासरी एका माणसाच्या कामाइतकं थांबावं लागतं. ८० टक्के वेळ कामात असेल तर त्याच्या चौपट. ९० टक्के असेल तर नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. खिडकीतला कारकून रिकामा बसलेला दिसला की आपला जीव जळतो, पण तो मधूनमधून रिकामा असतो म्हणूनच आपलं काम पटकन होतं. रिकामपण ही सेवेचीच एक बाजू आहे, आणि तिचे पैसे कुणीतरी भरत असतं.

क्लाउडमध्ये ते क्लाउडवाला भरतो. माझी निकालाच्या दिवशीची गर्दी दुपारी एकला येते, तुमची जेवणाच्या ऑर्डरींची रात्री नऊला, म्हणून त्याला दोघांसाठी मिळून कमी मशीन लागतात. तरी उरलेली तो 'स्पॉट' म्हणून स्वस्तात देतो, या अटीवर की गरज पडली की दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेईन. व्यवहार रोखठोक आहे. मशीनला घर नसतं.

हेच डोकं माणसांना लावलं की घोटाळा होतो. जेवण किंवा किराणा पोचवणारी मुलं दुकानाबाहेर गाडीवर बसून मोबाइल बघत असतात ना, ते त्यांचं रिकामपण आहे. त्यांच्यामुळे माझी ऑर्डर लवकर येते. म्हणजे एर्लांगच्या हिशेबात ती बसलेली असतानाही मला सेवा देतायत. पण मोबदला ऑर्डरमागे असेल, तर त्या बसण्याचे पैसे कुणी देत नाही. मिनिमम शून्य ठेवलेला ऑटोस्केलिंग ग्रुप. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात २०२०–२१ साली अशा कामात ७७ लाख लोक असल्याचा अंदाज होता. इथे मी थांबतो, कारण मला मिनिममपेक्षा मॅक्सिममवर बोलायचंय.

एक छोटी संस्था आहे. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली अशा भागांतल्या दहावी झालेल्या मुलामुलींना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. अर्ज ऑनलाइन. सोबत गुणपत्रिका आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो. त्यांचं तांत्रिक काम मी सुटीच्या दिवशी बघतो. काम बघणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. कम्प्युटरची त्यांना भीती नाही आणि भक्तीही नाही, त्यामुळे त्यांच्याशी बोलायला मजा येते. शेवटच्या तारखेच्या रात्री सगळे एकदम येतात म्हणून मी ऑटोस्केलिंग लावत होतो आणि त्या शेजारी बसून बघत होत्या.

"आठच का रे?" मॅक्सिममच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"त्याच्यापुढे डेटाबेसला झेपत नाही, बाई."

"आणि नववा आला तर?"

मी समजावलं की आठ हे सर्व्हर आहेत, मुलं नव्हेत. एका सर्व्हरवर पुष्कळ मुलं मावतात.

"ते कळलं मला. नवव्या सर्व्हरवर जी मुलं मावली असती, ती कुठे जातील, ते विचारतेय."

हा प्रश्न मला पगार देणाऱ्या कुणीही कधी विचारलेला नाही.

आता आठच का, ते सांगतो, कारण त्यातच मेख आहे. वेब सर्व्हर वाढवणं सोपं असतं. तो फोटोकॉपीसारखा असतो, एकाच्या दहा काढा. डेटाबेस मात्र एकच असतो, कारण कुणाचा अर्ज आला आणि कुणाचा नाही याची नोंद एकाच वहीत हवी. पोस्टग्रेस हा डेटाबेस, काही न बदलता वापरला, तर एका वेळी १०० जोडण्या घेतो. त्यातल्याही ३ व्यवस्थापकासाठी राखीव. राहिल्या ९७. आमचा प्रत्येक सर्व्हर १२ जोडण्या धरून बसतो. आठ बारा शहाण्णव. नववा सर्व्हर उभा राहील, हिरवा दिवा दाखवेल, मुलांना आत घेईल, आणि वहीपाशी गेल्यावर त्याला दार बंद मिळेल. म्हणजे गर्दी झाली म्हणून सर्व्हर वाढवायचा आणि त्यामुळेच जास्त मुलांचे अर्ज अर्धवट पडायचे. डेटाबेस मोठा करता येतो. जोडण्या वाटून वापरायची सोयही असते. पण मग आकडा सोळा होतो आणि प्रश्न सतराव्याचा होतो.

शिवाय मॅक्सिममचं दुसरं काम फ्यूजचं आहे. कोडमध्ये गडबड झाली किंवा कुणी मुद्दाम खोटी गर्दी पाठवली, तर वर मर्यादा नसलेली यंत्रणा बिचारी इमानदारीत सर्व्हर वाढवत राहते आणि महिन्याच्या शेवटी बिल येतं. शिष्यवृत्तीच्या पैशातून ते भरायचं म्हणजे एखाद्या मुलीचं वर्षाचं मेसबिल सर्व्हरला खायला घालायचं. तेव्हा मर्यादा हवीच. कंजूषपणाने ठेवलेल्या मर्यादाही मी भरपूर पाहिल्यात, आणि तिथे तत्त्वज्ञान करण्यापेक्षा दोन पैसे जास्त टाकावेत. पण सगळा कंजूषपणा काढून टाकला तरी कुठेतरी एक वही उरतेच, जी ताणता येत नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये आपण सगळ्यांनी हे अनुभवलं. २८ तारखेला दुपारी चार वाजता १८ वर्षांपुढच्यांसाठी कोविनवर नोंदणी उघडली. सुरुवातीला साइट काही वेळ अडखळली, मीम्स आले, मग ती सावरली आणि त्या एका दिवसात एक कोटीहून जास्त लोकांची नोंदणी झाली. तांत्रिकदृष्ट्या हा पराक्रम आहे, मी मनापासून म्हणतो. पण सर्व्हर वाढले म्हणून लस वाढली नाही. मे महिन्यात महाराष्ट्र सरकारला १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण काही काळ थांबवावं लागलं, कारण ४५च्या पुढच्यांच्या दुसऱ्या डोसलाच लस कमी पडत होती. अ‍ॅपवर स्लॉट उघडायचा आणि काही सेकंदांत संपायचा. ज्यांना कोड लिहिता येत होता त्यांनी स्लॉट हेरणारे प्रोग्राम लिहिले, टेलिग्रामवर सूचना देणारे चॅनेल निघाले, शहरातली माणसं गाडी काढून गावातल्या केंद्रावर लस घेऊन आली. गावातला माणूस आपल्याच आरोग्यकेंद्राच्या पायरीवर उभा राहून बघत होता. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला हेच विचारलं, की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी फक्त पोर्टलच्या भरवशावर लस कशी मिळवायची. जूनमध्ये सगळ्याच केंद्रांवर थेट नोंदणीची सोय झाली.

त्या प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांना मी नावं ठेवत नाही. आपल्या आईवडिलांसाठी कुणीही तेच केलं असतं. मला खटकतं ते हे: सगळं कसं 'ज्याचा नंबर आधी, त्याला आधी' या नियमाने चाललं होतं, आणि हा नियम आपल्याला इतका न्याय्य वाटतो की त्यापुढे आपण बोलतच नाही. रांग म्हणजे न्याय. पण रांग न्याय्य असते ती सगळ्यांना दारापर्यंत सारखंच चालावं लागत असेल तेव्हा. तात्काळ तिकिटाला सकाळी दहाच्या ठोक्याला बसलेल्या कुणालाही विचारा. त्या रांगेत एजंट आणि त्यांची सॉफ्टवेअर इतकी पुढे असायची, की २०२५च्या जुलैपासून रेल्वेला आधार जोडणी सक्तीची करावी लागली आणि पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना बाहेर ठेवावं लागलं.

रांगेशिवाय दुसऱ्या पद्धती आपल्याकडे आहेत की. म्हाडाच्या घरांना सोडत असते. पहिल्या दिवशी अर्ज करा नाहीतर शेवटच्या, चिठ्ठी सारखीच. आरटीईच्या प्रवेशालाही सोडत. अपघात विभागात तर रांगही नाही आणि चिठ्ठीही नाही. बोट कापलेला माणूस तासभर आधी आलेला असला तरी छातीत कळ आलेल्याला आत घेतात, आणि बोटवाला कुरकुरला तरी त्याला मनातून ते पटतं. तिन्ही पद्धती लोकांनी विचार करून, भांडून ठरवल्या. सर्व्हरच्या दारातली पद्धत कुणी ठरवलेली नसते. ती डीफॉल्ट असते.

आमच्या साइटचं डीफॉल्ट काय होतं, ते शेवटच्या तारखेच्या आधी घेतलेल्या चाचणीत दिसलं. संस्थेच्या एका कार्यकर्त्याने सातपुड्यातल्या एका पाड्यावरून अर्ज भरून बघितला. ४ एमबीचा फोटो, आणि नेटचा वेग सेकंदाला १०० किलोबिट. म्हणजे एक फोटो चढायला पाच मिनिटांच्या वर. या पाच मिनिटांत सर्व्हरला करायला काहीच नसतं. तो थेंब थेंब येणाऱ्या फोटोची वाट बघतो. त्याचा सीपीयू गारच. ऑटोस्केलिंग बहुतेक ठिकाणी सीपीयू बघून चालतं, तसं इथेही लावायचं होतं. म्हणजे अशी हजार मुलं जोडण्या अडवून ताटकळत असली तरी मीटर म्हणणार, सगळं निवांत आहे, दोन सर्व्हर पुरेत. आणि टेकडीआड रेंज मिनिटभर गेली की लोड बॅलन्सर 'हा गेला' म्हणून दोर कापणार, कारण तिथे ठरलेला वेळ ६० सेकंदांचा असतो. मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार.

पुण्यातल्या वायफायवरची मुलगी मात्र तोच फोटो दोन सेकंदांत चढवते, सर्व्हर लगेच कामाला लागतो, सीपीयू तापतो, मीटरला कळतं, नवा सर्व्हर येतो. म्हणजे यंत्रणा धावून येते ती वेगवान माणसांच्या गर्दीला. हळू माणसांची गर्दी तिला ऐकूच येत नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. मोजायला सोपं ते मोजलं, एवढंच.

माझ्या एका मित्राचं मत होतं की असंच असावं. तो म्हणाला, "एक हळू जोडणी पाच मिनिटं जागा अडवते. तेवढ्यात तिथून वेगवान नेटवरची तीस मुलं अर्ज भरून जातील. एकासाठी तीस का अडवायची?" प्रश्न फालतू नाही. जॉन टॉरेक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७७ साली याच्या जवळचा प्रश्न मांडला होता: औषध थोडंच आहे, एका माणसाला ते सगळं लागणार, आणि दुसऱ्या पाच जणांना प्रत्येकी पाचवा हिस्सा पुरणार. कुणाला द्यायचं? आपण पटकन म्हणतो, पाच जणांना. टॉरेक म्हणाला, नाणं उडवा. त्या एकट्याचं मरण त्याच्यासाठी पूर्ण मरण आहे, पाच जणांची बेरीज करून ते कुणासाठीच पाचपट होत नाही. मला हे पुरतं पटत नाही. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला पाच लाख असतील तर मी नाणं उडवणार नाही, आणि उडवणाऱ्याच्या हाताखाली कामही करणार नाही. पण त्याच्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. बेरीज करण्याआधी, थांबण्याची किंमत प्रत्येकाला किती पडते हे बघायला हवं. आमच्या दारात कुणी मरत नव्हतं. ती तीस मुलं दहा मिनिटं थांबली तर त्यांची दहा मिनिटं जाणार. पाड्यावरचं मूल अर्ध्यावरून परत गेलं तर त्याचा दिवस जाणार, कारण ते रेंजसाठी टेकडी चढून आलंय आणि फोन काकाचा आहे. कदाचित वर्षही जाणार. तेव्हा थांबायचं कुणी, या प्रश्नाला माझं उत्तर असं झालं: थांबणं ज्याला परवडतं त्याने. आणि डीफॉल्ट यंत्रणा नेमकी उलटं करते, न परवडणाऱ्याला आधी सोडते.

मग रकाने भरायला बसलो. मीटर सीपीयूवरून काढून उघड्या जोडण्यांच्या संख्येवर लावला. ताटकळणारी मुलं आता निदान मोजली जाऊ लागली. ६० सेकंदांचे १० मिनिटं केली. फोटो फोनमध्येच लहान होऊन तुकड्यातुकड्याने चढेल असं केलं, म्हणजे रेंज गेली तरी चढलेले तुकडे वाया जात नाहीत. आठ सर्व्हर भरले की नवीन येणाऱ्याला 'थांबा' असं साधं पान, त्यावर क्रमांक, आणि फोन बंद केला तरी क्रमांक जात नाही याची हमी. ही हमी महत्त्वाची, कारण नाहीतर जो जास्त वेळा रिफ्रेश मारतो तो आत शिरतो, आणि रिफ्रेश मारायलाही चांगलं नेट लागतं. आत असलेल्याला, तो कितीही हळू असो, बाहेर काढायचं नाही.

यातलं काही मी हॉटस्टारकडून उचललं. २०१९च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्धचा उपांत्य सामना तिथे एका क्षणी अडीच कोटींहून जास्त लोक बघत होते. त्यांच्या अभियंत्यांनी नंतर सांगितलं की तयार ऑटोस्केलिंग एवढ्या उसळीला वेळेत पुरत नाही, म्हणून ते सर्व्हर आधीच वाढवून ठेवत. धोनी धावबाद झाला आणि कोट्यवधी लोकांनी एकदम सामना सोडला तेव्हा भार कमी झाला असं आपल्याला वाटेल, पण सगळे बाहेर पडून होमपेजवर आले आणि ताण तिकडे गेला. माझ्या कामाची होती ती त्यांची वेगळीच युक्ती: संकटात शिफारशी वगैरे शोभेच्या गोष्टी आपणहून बंद करायच्या, म्हणजे सामना चालू राहतो. सगळ्यांना थोडं कमी द्यायचं, पण कुणाला दाराबाहेर काढायचं नाही. आमच्याकडे शोभेचं फार नव्हतंच. पण संस्थेच्या ऑफिसातून दर थोड्या वेळाने अहवाल काढले जात होते, आणि ते डेटाबेसला जड होते. शेवटच्या रात्री ते बंद ठेवायचं ठरलं. विश्वस्तांपैकी एकांना ते आवडलं नाही. बाई म्हणाल्या, "आकडे सकाळी कळले तर आपलं काय बिघडतं?"

सगळ्यात मोठा बदल त्यांनीच सुचवला आणि त्याला एक पैसा लागला नाही. रात्री बारापर्यंत ज्याला 'थांबा'चा क्रमांक मिळाला तो मुदतीत आला असं धरायचं, मग त्याचा अर्ज पहाटे तीनला पुरा होवो. मला हे सुचलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात बारा वाजणं ही निसर्गातली गोष्ट होती. "तारीख आपणच ठरवली ना?" एवढंच त्या म्हणाल्या.

अर्थात, फसवणूक होणारच. शहरातल्या सायबर कॅफेतून एकाने पन्नास क्रमांक घेऊन ठेवले तर? नेट हळू असल्याचं सोंग कुणी केलं तर? त्यावर माझ्याकडे चोख उपाय नाही. मोबाइल नंबरला एकच क्रमांक, एवढं केलं. पण एका फोनवर तीन बहिणींचे अर्ज भरणारं घरही असतं, म्हणून एकाचे तीन केले. मग चौथीचं काय, असा प्रश्न आलाच. नियम जितका घट्ट करावा तितकं कुणीतरी खरं माणूस त्यात चिमटतं, आणि सैल सोडावा तर लबाड आत येतो. कुठल्या बाजूला चुकायचं, हे आपल्याला निवडावं लागतं. आम्ही सैल बाजू निवडली. एखाद्या बँकेने घट्ट निवडली तर मी समजू शकतो.

मॅक्सिममच्या रकान्यात शेवटी आठच राहिले. पण त्या सेटिंगच्या फाइलमध्ये आकड्याशेजारी चार ओळी लिहून ठेवल्यात: आठ का, नववा आला तर कोण थांबतं, किती वेळ, आणि हे कुणी ठरवलं. माझ्यानंतर येणारा ते बदलू शकतो. फक्त नुसता आकडा म्हणून बदलू शकणार नाही, त्याला त्या चार ओळी खोडाव्या लागतील. ऑफिसच्या कामातही मी आता असं लिहितो. पहिल्यांदा एका सहकाऱ्याने "एवढं कशाला, यार?" म्हटलं. हल्ली तो माझ्या ओळींवर वाद घालतो. मला तेच हवं होतं.

इतकं करूनही एक गोष्ट लॉगमध्ये येत नाही. ज्याच्या फोनला रेंजच मिळाली नाही, तो आमच्या कुठल्याच मोजणीत नाही. थांबलेल्यांत नाही, परतलेल्यांत नाही. त्याच्यासाठी कुठलाही मीटर लावता येत नाही, कारण तो दारापर्यंत आलेलाच नसतो. म्हणून संस्थेने कागदी अर्ज पुन्हा सुरू केले. आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांकडे कोरे अर्ज पाठवायचे, भरून पोस्टाने यायचे, आणि पोस्टाचा शिक्का मुदतीतला असला की पुरे. मला आधी हे मागे जाणं वाटलं. मग हिशेब केला: एका पाकिटाला सर्व्हर लागत नाही, जोडणी लागत नाही, आणि ते रस्त्यात तीन दिवस पडून राहिलं तरी कुणी त्याचा दोर कापत नाही.

शेवटचं पाकीट मुदतीनंतर सहा दिवसांनी आलं. पावसात भिजलेलं, शिक्का पसरून निळा डाग झालेला, तारीख वाचता येत नव्हती. बाईंनी चष्मा पुसून दोनदा बघितलं, कोपऱ्यात पेन्सिलीने 'मुदतीत' असं लिहिलं आणि ते गठ्ठ्यात ठेवलं.